व्हिडिओ गेमनं लीग वाढते का?

११ जुलै २०२५ रोजी इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, चालवणाऱ्या कंपनीनं क्लबांना आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला कळवलं, की २०२५-२६चा हंगाम तूर्त थांबवत आहोत. महासंघाशी असलेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपतो, पुढचा करार झालेला नाही, आणि ऐन हंगामात करार संपणार असेल तर सामने सुरू तरी कसे करायचे, असा कंपनीचा मुद्दा होता. ऑगस्टपर्यंत काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवले. याच दिवसांत ईए स्पोर्ट्स एफसी २५ या व्हिडिओ गेममध्ये मात्र आयएसएल व्यवस्थित चालू होती. कुणीही मुंबई सिटीचा संघ निवडावा, समोर एफसी गोवा घ्यावा आणि रात्री अकरा वाजता सामना लावावा. बोधचिन्हं, जर्सी, खेळाडूंची नावं, सगळं जागच्या जागी.

खेळाच्या विपणनात काम करणाऱ्या मंडळींमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक समज पक्का झालेला आहे. छोट्या लीगकडे मोठे तारे नसतात, टीव्हीचा पैसा नसतो. पण ती एखाद्या लोकप्रिय व्हिडिओ गेममध्ये शिरली, की जगभरातली मुलं तिला ओळखू लागतात, ओळख वाढली की प्रायोजक येतात आणि प्रायोजक आले की लीग मोठी होते. ऐकायला हे सरळ वाटतं. हे खरंच असं घडतं का, हे तपासावं म्हणून मी अमेरिकेतली एक लीग आणि इंग्लंडमधले दोन छोटे क्लब अभ्यासाला घेतले आणि त्यांच्या उजेडात आपल्या आयएसएलकडे पाहिलं. मला जे दिसलं ते या समजापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

गेममध्ये लीग येते म्हणजे काय

ज्या वाचकांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं यंत्र उघडून दाखवतो. ईए कंपनीचा ‘फिफा’ हा गेम १९९३ साली आला. जागतिक महासंघाशी असलेलं नाव वापरण्याचं नातं संपल्यावर २०२३पासून तोच गेम ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावानं निघतो. त्यात एखादी लीग घ्यायची, तर निदान दोन प्रकारचे हक्क लागतात. एक लीगचे आणि क्लबांचे: नाव, बोधचिन्ह, जर्सी, मैदान. दुसरे खेळाडूंचे: प्रत्येकाचं नाव आणि चेहरा. हे दुसरे हक्क गृहीत धरता येत नाहीत. जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कान यानं २००२च्या विश्वचषकावरच्या गेममध्ये आपलं नाव परवानगीशिवाय वापरलं म्हणून दावा लावला आणि हॅम्बुर्गच्या न्यायालयात तो जिंकला. ब्राझीलमध्ये खेळाडू आपापले हक्क स्वतंत्रपणे विकतात, त्यामुळे ईएच्या गेममध्ये कित्येक वर्षं ब्राझिलियन क्लबांमधून खोट्या नावांचे, कुणाच्याच चेहऱ्याशी न जुळणारे खेळाडू धावत असत. फुटबॉलची एवढी मोठी परंपरा असलेल्या देशाची ही स्थिती.

मोठ्या लीगला गेम कंपनी पैसे मोजून आणते. स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगच्या तर नावातच २०२३-२४पासून ईए स्पोर्ट्स आहे. छोट्या लीगच्या बाबतीत पारडं उलट झुकतं. गेमला तिची गरज थोडी आणि तिला गेमची जास्त. म्हणून तिच्या पदरात मुख्यतः पडते ती ओळख.

आता ही ओळख कोणत्या जातीची असते तेही पाहिलं पाहिजे. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी गुण असतात. ‘अल्टिमेट टीम’ या सर्वांत लोकप्रिय प्रकारात खेळाडू पत्त्यांच्या रूपात मिळतात: ६४पर्यंत गुण असलेला कांस्य, ६५ ते ७४ रौप्य, ७५पासून पुढे सुवर्ण. छोट्या लीगचे बहुतेक खेळाडू कांस्य किंवा रौप्य पत्ते असतात. त्यांना कुणी हौसेनं संघात घेत नाही. पण त्यांची गरज मात्र पडते. एकाच लीगचे किंवा एकाच देशाचे खेळाडू एकत्र ठेवले की संघाचा मेळ वाढतो, असा गेमचा नियम आहे. शिवाय २०१६च्या आवृत्तीपासून (गेमच्या मोजणीत फिफा १७) ‘अमुक लीगचे इतके खेळाडू जमवून द्या आणि बक्षीस घ्या’ अशी कोडी असतात. अशा कोड्यासाठी ब्राझीलमधला किंवा पोलंडमधला एखादा मुलगा जमशेदपूरचा बचावपटू विकत घेतो आणि दोन मिनिटांत तो खर्ची घालून विसरतो. ओळख म्हणायची तर ही ओळखच आहे. पण स्टेशनवरच्या पाटीवर गावाचं नाव वाचणं आणि त्या गावात उतरणं यात जेवढा फरक, तेवढा तिच्यात आणि चाहत्याच्या ओळखीत आहे.

माझा भाचा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे आणि हा गेम मन लावून खेळतो. मुंबई सिटी आणि मँचेस्टर सिटी २०२५पर्यंत एकाच मालकसमूहाच्या होत्या, दोन्हींचा रंग आकाशी. तरी तो दर वेळी मँचेस्टरच का घेतो, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, मुंबई सिटी घेतली की ऑनलाइन नुसता मारच खायला लागतोय.” यावर मला उत्तर सुचलं नाही. गेममध्ये आपली लीग रिआल माद्रिदच्या शेजारी बसते, याचा लीगला अभिमान वाटतो; पण शेजारी बसल्यामुळेच तिचं खुजेपण आकड्यात दिसतं.

अमेरिकेचा धडा

व्हिडिओ गेममुळे लीग वाढली याचं उदाहरण म्हणून नेहमी अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरचं, म्हणजे एमएलएसचं, नाव घेतलं जातं. १९९४चा विश्वचषक अमेरिकेला देताना जागतिक महासंघानं अट घातली होती, की देशात पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीग सुरू झाली पाहिजे. तिच्याआधीची लीग १९८४मध्येच बंद पडली होती. पेले याच लीगमधल्या न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळत असे आणि १९७७मध्ये त्याच संघाबरोबर कोलकात्याला येऊन मोहन बागानविरुद्ध ईडन गार्डन्सवर २-२ असा सामना खेळून गेला होता. तारे आणून लीग उभी करण्याचा तो प्रयोग तारे गेल्यावर कोसळला. नवी लीग एप्रिल १९९६मध्ये दहा संघांनिशी सुरू झाली.

आता तारखांकडे लक्ष द्या. ईएनं फिफा २०००ची अमेरिकी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्या नावातच ‘मेजर लीग सॉकर’ हे शब्द होते. म्हणजे १९९९च्या शरद ऋतूतच ही लीग गेममध्ये तर होतीच, शिवाय थेट वेष्टनावर होती. आणि जानेवारी २००२मध्ये लीगला टँपा बे आणि मायामी हे दोन संघ गुंडाळावे लागले. पहिल्या पाच वर्षांतला तोटा २५ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं. फिलिप अँशुट्झ, लमार हंट आणि रॉबर्ट क्राफ्ट या मोजक्या मालकांनी आपापल्या खिशातून लीग तगवली. एका टप्प्यावर अँशुट्झ यांच्या एकट्याकडे सहा संघ होते. गेममधल्या हजेरीनं यातलं काहीही वाचवलं नाही. गेमचे गोडवे गाणारे लेख ही वर्षं हळूच ओलांडून पुढे जातात, म्हणून मी इथे थांबलो.

मग लीग सावरली कशानं? माझ्या मते सर्वांत आधी मैदानांनी. सुरुवातीला हे संघ अमेरिकन फुटबॉलच्या साठ-सत्तर हजारांच्या अवाढव्य स्टेडियममध्ये खेळत. पंधरा हजार प्रेक्षक आले तरी स्टेडियम रिकामं दिसायचं, भाडं जायचं, वाहनतळाचं आणि खाण्यापिण्याचं उत्पन्न दुसऱ्याच्या खिशात जायचं. लमार हंट यांनी १९९९मध्ये कोलंबसला फक्त फुटबॉलसाठी स्टेडियम बांधलं आणि पुढे एकेका शहरानं तो कित्ता गिरवला. दुसरी गोष्ट प्रायोजकांची. २००२मध्ये मालकांनी ‘सॉकर युनायटेड मार्केटिंग’ ही कंपनी काढून विश्वचषकाचे अमेरिकेतले इंग्रजी प्रसारणहक्क घेतले. जाहिरातदाराला विश्वचषक हवा असेल, तर त्याच्या गाठोड्यात एमएलएसही बांधून दिली जाऊ लागली. आपल्याकडे वाणी चांगल्या तांदळाबरोबर पडून असलेली डाळ खपवतो, त्यातलाच हा प्रकार. पण त्यानं लीग जगली. २००४मध्ये आदिदासशी दहा वर्षांचा १५ कोटी डॉलरचा करार झाला. २००७पासून जर्सीच्या छातीवर प्रायोजकाचं नाव आलं. त्याच वर्षी पगाराच्या मर्यादेबाहेरचा एखादा खेळाडू घेण्याची मुभा देणारा नियम केला गेला आणि डेव्हिड बेकहॅम लॉस एंजलिसला आला.

इथवरच्या कहाणीत गेम कुठेच नाही. तो येतो २००९मध्ये, सिअ‍ॅटलला. सिअ‍ॅटल साउंडर्स हा संघ त्या वर्षी लीगमध्ये दाखल झाला आणि त्याच्या हिरव्या जर्सीवर नाव होतं एक्सबॉक्स ३६०, मायक्रोसॉफ्टच्या गेमयंत्राचं. पाच वर्षांचा हा करार सुमारे दोन कोटी डॉलरचा असल्याचं सांगितलं गेलं. तेव्हाच्या एमएलएसच्या मानानं ही रक्कम मोठी होती. पहिल्याच हंगामात संघाला सरासरी ३० हजारांहून अधिक प्रेक्षक लाभले. लीगची सरासरी तेव्हा सोळा हजारांच्या आसपास होती.

हे यश एक्सबॉक्सचं म्हणायचं का? मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय रेडमंडला, म्हणजे सिअ‍ॅटलच्या वेशीवर आहे. हा प्रायोजक शेजारी होता. साउंडर्स हे नाव शहरात १९७४पासून होतं आणि खालच्या श्रेणीतला त्याच नावाचा संघ १९९४पासून खेळत होता, त्यामुळे घराघरांत जुने चाहते होते. क्लबनं आणखी एक गोष्ट केली. सभासद चाहत्यांना दर चार वर्षांनी सरव्यवस्थापक ठेवायचा की काढायचा यावर मत देण्याचा हक्क दिला. अभिनेता आणि सहमालक ड्रू केरी याचा तो आग्रह होता. एक्सबॉक्सचं नाव २०१८पर्यंत, म्हणजे दहा हंगाम, जर्सीवर राहिलं. गेम कंपनीचा पैसा इथे कामी आला, कारण तो ज्या शहरात पडला तिथे जमीन आधीच नांगरलेली होती.

गेमच्या बाजूनं सर्वांत ठोस पुरावा मिळतो तो ईएसपीएनच्या २०१४च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत. १२ ते १७ या वयोगटात एमएलएसबद्दल तीव्र आस्था असणारे १८ टक्के निघाले, आणि बेसबॉलच्या मेजर लीगबद्दलही तेवढेच. अमेरिकेत बेसबॉलची बरोबरी म्हणजे आपल्याकडे क्रिकेटची बरोबरी. पाहणी करणाऱ्यांनी त्याचं श्रेय टीव्हीवर सहज दिसणाऱ्या जागतिक फुटबॉलला आणि ईएच्या गेमला दिलं. मला हे पटतं. २०००मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा सिअ‍ॅटलच्या पहिल्या हंगामात एकोणीस वर्षांचा झाला होता. ऑफसाइड म्हणजे काय हे तो बापाकडून शिकलेला नव्हता, गेममध्ये शिकला होता. पण याच मुलांसाठी एनबीसीनं २०१३पासून इंग्लंडची प्रीमियर लीग घराघरांत नेली आणि मेक्सिकोची लीग तर अमेरिकेत आधीपासूनच मोठ्या संख्येनं पाहिली जात होती. गेमनं वाढवलं ते फुटबॉलचं वेड. त्यातला आपला वाटा उचलण्याचं काम एमएलएसला स्वतःच करावं लागलं आणि ते तिला करता आलं, कारण तोवर तिच्याकडे मैदानं होती, शहरांत रुजलेले संघ होते आणि अपेक्षेपेक्षा जास्त काळ तोटा सोसणारे मालक होते. २०१८मध्ये लीगनं ‘ईएमएलएस’ ही गेमची स्वतंत्र स्पर्धा काढली, तेव्हा या तिन्ही गोष्टी जागेवर होत्या. तोवर नव्या संघाचं प्रवेशशुल्कही आकाशाला भिडत चाललं होतं: टोरोंटोनं २००७मध्ये १ कोटी डॉलर भरले होते, पुढे २०२३मध्ये सॅन दिएगोनं ५० कोटी मोजले.

दोन इंग्लिश क्लब

इंग्लंडमधली दोन उदाहरणं क्लबांची आहेत, लीगची नव्हेत. पण पैशाची वाट त्यांच्यात जास्त स्पष्ट दिसते.

२००२च्या मे महिन्यात विंबल्डन एफसी या लंडनच्या क्लबला शंभर किलोमीटरहून थोडं कमी अंतरावरच्या मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी क्लब जाऊ दिला आणि स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. सार्वजनिक माळावर खुली निवड चाचणी घेऊन संघ उभा केला आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. या बेघर क्लबच्या जर्सीवर पहिल्या दिवसापासून नाव आलं ते स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या लंडनमधल्या कंपनीच्या गेमचं. आधी चॅम्पियनशिप मॅनेजर, नंतर फुटबॉल मॅनेजर. या गेममध्ये आपण चेंडू लाथाडत नाही. व्यवस्थापक होऊन खेळाडू घ्यायचे, विकायचे, सराव ठरवायचा, मंडळाची बोलणी खायची. त्यात खालच्या खालच्या श्रेणीतले क्लबही बारकाईनं नोंदलेले असतात, आणि एखादा धुळीतला क्लब वर काढणं हीच खेळणाऱ्यांची खरी चैन. म्हणजे गेम आणि क्लब यांचा स्वभाव जुळला होता. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११मध्ये एएफसी विंबल्डन मुख्य लीगमध्ये पोहोचला, २०२०मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या ठिकाणी नवं स्टेडियम बांधून परतला. प्रायोजक या सगळ्या काळात तोच होता. मला या उदाहरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा टिकाव. नवव्या श्रेणीतल्या क्लबला दर वर्षी ठरलेली रक्कम येणार हे माहीत असेल, तर तो पुढच्या वर्षीचं मैदान आरक्षित करू शकतो.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट. २०१९-२०च्या हंगामात स्टीव्हनेज या चौथ्या श्रेणीतल्या क्लबच्या जर्सीवर बर्गर किंगचं नाव होतं. बर्गर किंगनं फिफा २० खेळणाऱ्यांना आव्हान दिलं: स्टीव्हनेज निवडा, गोल करा, त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाका आणि आमच्याकडून खाणं फुकट मिळवा. गेममध्ये कोणताही खेळाडू कोणत्याही क्लबात आणता येतो, त्यामुळे मेस्सी आणि नेमार बर्गर किंगची जर्सी घालून गोल मारताना सगळीकडे दिसू लागले. पंचवीस हजारांहून जास्त गोल टाकले गेले. क्लबच्या जर्सी संपल्या. पुढे या मोहिमेला कान जाहिरात महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. चौथ्या श्रेणीच्या जर्सीच्या दरात कंपनीनं जगातल्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या छातीवर आपलं नाव मिळवलं, हे चातुर्य मान्यच करायला हवं. पण त्याच हंगामात खरा स्टीव्हनेज संघ तळाला राहिला. महामारीनं हंगाम मध्येच थांबला, मॅकल्सफील्ड या दुसऱ्या क्लबचे गुण आर्थिक गैरव्यवहारांमुळे कापले गेले आणि तेवढ्यावर स्टीव्हनेजची घसरण टळली. जाहिरातीच्या वर्गात हे उदाहरण यशाचं म्हणून शिकवतात. फुटबॉलच्या वर्गात ते कसं शिकवायचं, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

आपली आयएसएल

आता घरी येऊ. महासंघानं डिसेंबर २०१०मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून ऑक्टोबर २०१४मध्ये आठ संघांची आयएसएल सुरू झाली. पहिल्या वर्षी देल पिएरो दिल्लीत, पिरेस गोव्यात, त्रेझेगे पुण्यात आणि युंगबर्ग मुंबईत होते. चित्रपट आणि क्रिकेटमधली मंडळी मालक म्हणून कठड्याला होती. कॉसमॉसचा धडा कुणी वाचला नव्हता, असं आज म्हणावंसं वाटतं. हीरो मोटोकॉर्प पहिल्या हंगामापासून मुख्य प्रायोजक होती आणि लीगचं नावच ‘हीरो आयएसएल’ होतं. २०२३-२४पासून ते नाव गेलं.

लीग ईएच्या गेममध्ये आली १ ऑक्टोबर २०२१ रोजी, फिफा २२मधून. पाठोपाठ ‘ईआयएसएल’ ही क्लबांची गेमस्पर्धाही सुरू झाली. त्या वर्षी लीगमध्ये अकरा क्लब होते. पण नोव्हेंबरात सुरू झालेला तो हंगाम आठवून पाहा. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, रिकाम्या कठड्यांसमोर झाले. प्रेक्षकांना पुन्हा प्रवेश मिळाला तो मार्च २०२२मध्ये, अंतिम सामन्याला. म्हणजे मुलाला गेममध्ये पहिल्यांदा आपल्या शहराचा संघ भेटला, तेव्हा त्या संघाला जाऊन भेटण्याची सोयच नव्हती. यात कुणाचा दोष नाही, पण अमेरिकेत गेमनं तयार केलेला मुलगा ज्या दारातून आत गेला ते दार इथे बंद होतं. पुण्यात तर दारच उरलं नव्हतं. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९मध्येच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. ‘ऑरेंज आर्मी’ म्हणून गाजवणारे त्याचे चाहते ज्या गेममध्ये पुढे आपला संघ शोधू शकले असते, त्या गेमपर्यंत तो पोहोचलाच नाही.

शिवाय यंत्राची किंमत आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१च्या फेब्रुवारीत आलं ते ४९,९९० रुपयांना. गेमचे पैसे वेगळे. आपल्याकडची बहुसंख्य मुलं फोनवर फुकट मिळणारे गेम खेळतात, आणि त्यातही बंदुकीचे जास्त. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात टीव्हीखाली यंत्र असतं हे जे गृहीतक, ते इचलकरंजीत लागू होत नाही.

आणखी एक घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे ‘गेमिंग’ म्हटलं की त्यात फुटबॉलचा व्हिडिओ गेमही येतो आणि पैसे लावून खेळायची काल्पनिक संघांची स्पर्धाही. गेल्या काही वर्षांत भारतीय खेळात ‘गेमिंग’चा म्हणून जो प्रायोजकीय पैसा आला, तो मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा होता. ड्रीम ११ हे नाव क्रिकेटइतकं ठळक नसलं तरी आयएसएलशीही जोडलेलं होतं. काही क्लबांच्या जर्सीवर तर सट्ट्याच्या संकेतस्थळांची नावं ‘न्यूज’ किंवा ‘स्पोर्ट्स’ असं शेपूट लावून झळकत होती. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढून मान्यता दिली. काही दिवसांतच ड्रीम ११नं भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून माघार घेतली. क्रिकेट मंडळाला दुसरा प्रायोजक मिळायला वेळ लागत नाही. जिचा पुढचा हंगामच तेव्हा ठरलेला नव्हता अशा लीगला मात्र तो धक्का वेगळा लागतो. कायदा योग्य की अयोग्य हा वेगळ्या लेखाचा विषय. मला इतकंच दिसतं, की हा पैसा खेळाच्या चाहत्यांमुळे आलेलाच नव्हता, त्यामुळे जातानाही त्यानं चाहत्यांकडे वळून पाहिलं नाही.

यासमोर मला कोल्हापूर ठेवावंसं वाटतं, कारण ते मी लहानपणापासून पाहतो आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस अशा तालमींचे आणि मंडळांचे संघ खेळतात. हे संघ ईएच्या गेममध्ये नाहीत, असण्याची शक्यताही नाही. खेळाडूंना मिळणारं मानधन तुटपुंजं, बक्षिसं स्थानिक नेत्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या देणगीतून. तरी मोठ्या सामन्याला स्टेडियम भरतं. माझा भाचा गेममध्ये मँचेस्टरचा असतो, पण दुपारी पेठेच्या संघाचा सामना असेल तर यंत्र बंद करून जातो, आणि हरल्यावर घरी येऊन जेवत नाही. याच गावचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्ये गेला. पेठेपासून लीगपर्यंत जाणारी वाट अशी मधूनमधून दिसते, पण ती एकेकट्या खेळाडूच्या पायानं पडलेली आहे; लीगनं ती बांधलेली नाही.

सिअ‍ॅटलकडे मैदान आणि जुने चाहते होते, त्यात गेमचा पैसा आला. विंबल्डनकडे फक्त चाहते होते, आणि गेमचा पैसा वीसहून अधिक वर्षं येत राहिला. आयएसएलकडे २०२५मध्ये जे होतं ते असं: कोलकाता, कोची, गोवा इथे कडवे प्रेक्षक, बाकी ठिकाणी विखुरलेले, गेममध्ये एक जागा, आणि डिसेंबरात संपणारा एक करार, ज्यावर सगळं टांगलेलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं नव्या व्यावसायिक भागीदारासाठी निविदेचा मार्ग मोकळा केला. 

नवा भागीदार कुणीही असो, त्याच्या सादरीकरणात ई-स्पोर्ट्सचं एक पान असणार हे मी पैजेवर सांगतो. त्या पानावर गेममधल्या हजेरीचे आणि फोनवरच्या प्रेक्षकांचे आकडे असतील. महासंघानं त्या वेळी दोन साधे प्रश्न विचारावेत. गेमच्या हक्कातून येणाऱ्या रकमेपैकी किती रुपये क्लबांच्या मुलांच्या संघांवर खर्च होणार, आणि गेमची स्पर्धा एखाद्या बंद स्टुडिओऐवजी सामन्याच्या दिवशी, स्टेडियमच्या आवारात, तिकीट काढून आलेल्या पोरांसाठी भरवणार का. दुसऱ्या गोष्टीला तर फारसा खर्चही नाही. चार टेबलं, आठ यंत्रं, वीज आणि पावसाळ्यात वर एक ताडपत्री लागेल.